खोडदच्या डॉक्टरांचं नाव कोरियात

खोडदला डॉक्टर राजरत्न भालेरावांच्या घरी ताप दाखवायला कुणी येत नाही. आधी येत. मग त्यांच्या आईनंच, बनाबाईंनी, ओट्यावरून खुलासा करून टाकला, "आमचा राजा उंदरांचा डागदर हाय. मानसाला हात न्हाई लावत."

राजरत्न आळेफाट्याकडच्या एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवतात, उंदरांना हिरड्याचा अर्क पाजतात, त्यांच्या पोटातला अल्सर बरा होतो का बघतात आणि त्यावर पेपर लिहितात. पेपर डझनभर झाले. वाचणारे कोण, असं विचारलं की म्हणतात, "छापणारा, मी, आणि झोप येत नसली तर बायको."

दुसऱ्या संशोधकानं आपल्या पेपरात तुमच्या पेपराचा दाखला दिला, की त्याला सायटेशन म्हणतात. त्यावरच तुमची पत. राजरत्नांकडं सायटेशनं होती, नव्हती असं नाही. निम्मी त्यांनीच स्वतःला दिलेली, बाकीची नगरच्या ऋषी नावाच्या मित्रानं. लग्नाच्या आहेरातल्या खणासारखा कारभार. तू मला दे, मी तुला देतो, शिवत कुणीच नाही. गावच्या शिवारात आकाशाचा वेध घेणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या अजस्र अँटेना उभ्या. त्यांना म्हणे लाखो वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज ऐकू येते. "आणि मी बोंबलतोय ते नगरच्या पुढं जाईना," राजरत्न म्हणत. रिटायर व्हायच्या आत एकदा, एकदाच, कुणा परक्यानं आपलं नाव घ्यावं, एवढीच त्यांची हौस.

तर एका बुधवारी ईमेल आली. कोरियातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेनं, जिथं भालेरावांचा मावसा ना मेव्हणा, त्यांच्या हिरड्याच्या पेपरचा दाखला दिला होता. काय लिहिलंय ते उघडून बघायला धीर कुणाला? राजरत्न तसेच स्वयंपाकघरात धावले. बायकोनं, अमृतानं, सासूला सांगितलं. सासूनं शेजारच्या संपतला. संपत दुर्बिणीच्या ऑफिसातली जीप चालवतो आणि तरुण मंडळाचा अध्यक्ष आहे. मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. 'कोरियात खोडदचा डंका!' फोटो लग्नातला, डोक्यावर केस असतानाचा. रविवारी विहारासमोर सत्कार.

शनिवारी भाषणाची तयारी करायची म्हणून राजरत्नांनी तो पेपर एकदाचा उघडला. लिहिलं होतं, 'भालेराव यांनी नोंदवलेला परिणाम तसाच प्रयोग करूनही आम्हाला आढळला नाही.' त्यांनी वाक्य चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं. त्यातलं 'नाही' काही केल्या निघेना.

"पण नाव आलंय ना?" अमृता म्हणाली.

"आलंय. पंचनाम्यात मयताचं येतं तसं."

"मग गप बसा की. कोरियातून कोण येतंय सांगायला?"

तेच तर. गप्प बसलं तर शाल, नारळ, आणि आयुष्यात पहिल्यांदा आईला कळलेला मुलाचा मोठेपणा. बोललं तर भर गावात तिची मान खाली.

रविवारी बनाबाई नवं पातळ नेसून पुढच्या रांगेत. संपत माइकवर ओरडत होता, "आमच्या दुर्बिणीवाल्या सायबांचं बी आसं कौतुक न्हाई झालं!" गळ्यात हार पडला. राजरत्न उभे राहिले. "जय भीम. कोरियावाल्यांनी माझं नाव घेतलंय. माझा प्रयोग त्यांच्याकडं जमला नाही, हे सांगायला घेतलंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"टाळ्या नका वाजवू, राव! माझं चुकलंही असेल!"

संपत माइक झाकून कुजबुजला, "डॉक्टर, आसं काय करता वो? फ्लेक्स लागलाय की!"

बनाबाई उठल्या. "राजा, त्यांचं खरं का तुजं?"

"म्हाईत न्हाई, आई."

"मंग हार घालून हितं काय हुबा ऱ्हायलास? परत करून बग की!"

अख्खं अंगण हसलं. सगळ्यात मोठ्यानं राजरत्न. हार उतरवून त्यांनी संपतच्या गळ्यात घातला, विहाराच्या पायरीवर बसले आणि मोबाईलवर कोरियाला लिहायला घेतलं, 'आपण माझा प्रयोग करून पाहिलात, मनापासून आभार. एक विचारू? आपण हिरडा कोवळा घेतला होता, की पिकलेला?'