लादीवरचे इलेक्ट्रॉन
मी चौथी शिकले. नव्वदच्या आसपास आम्ही उल्हासनगरात कॅम्प पाचला राहायचो. मी जीन्सच्या कारखान्यात शिलाई करायचे. मुलगी एमएस्सी झाली आणि म्हणाली, पीएचडी करायची. नवरा वारलेला, त्यामुळे मोठ्या दिरांच्या शब्दाबाहेर जाता येत नव्हतं. ते बदलापूरहून स्थळ घेऊनच आले.

"आता अजून काय शिकणार ही? तुला तरी ठाऊक आहे का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"रविवारी येतो. ती काय शिकणार ते तू सांगायचंस, तिनं नाही. नाही जमलं तर मी होकार कळवणार."

आमच्या घरात धांदल उडाली. मुलीनं सांगितलं, दोन पदार्थांचे थर जुळतात तिथल्या पातळ जागेत इलेक्ट्रॉन अडकतात. लादीवर पळावं तसे आडवेच पळतात, वरखाली नाही. एकमेकांना लांबूनच ढकलतात. प्रत्येकाला स्वतःची फिरकी असते आणि ती पळण्याच्या दिशेशी बांधलेली.

"बांधलेली म्हणजे? दाखव!"

मी कारखान्यातून दोरा गुंडाळलेला कोन आणून लोळवला, तर तो गोल वळून माझ्याच पायाशी आला.

"आई, निमुळता आहे तो! सरळ रीळ आण."

सरळ रीळ आणलं. पुढे लोळवलं तर एका अंगानं फिरलं, मागे लोळवलं तर उलट्या.

"अगं, म्हणजे मागं वळायचं तर फिरकीही उलटी करावी लागणार! मग सहजासहजी वळणारच नाही तो!"

मुलगी ताडकन उभी राहिली. "आई, हेच! सगळे एकमेकांना ढकलत असताना हे टिकतं का, ते मला शोधायचंय." खरा इलेक्ट्रॉन असा लोळत नाही, एवढ्यापुरतंच धर, असंही तिनं बजावलं.

रविवारी मी दिरांना लादीवर बसवलं आणि सगळं करून दाखवलं. त्यांनी रीळ हातातून ओढून घेतलं. चार वेळा लोळवलं.

"आणि समोरून दुसरा आला तर?"

"टेकायच्या आधीच ढकलतात, दादा."

"आणि अशी गर्दीच असली तर?"

"तिथंच तर घोडं अडतंय. म्हणून तिला शिकायचंय."

त्यांनी रीळ माझ्या हातात परत ठेवलं.

"मग मी त्या स्थळाच्या लोकांना काय सांगू?"

"तुम्हीच ठरवा."

"सांगतो, पोरगी कामात आहे."

मुलीनं तिथंच पीएचडीचा अर्ज भरायला पुढे ओढला.