एकोणिसावा नियम

जहाजांनी एकमेकांवर आदळू नये म्हणून जगभर एकच नियमावली आहे. ती मी भाटघरच्या पाण्याकाठी पाठ केली. आमचं गाव धरणाच्या पलीकडच्या अंगाला. परीक्षेच्या आधी दोन महिने मी घरीच होतो. सकाळी म्हशी पाण्यावर नेल्या की खडकावर बसून पुस्तक उघडायचं. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळा. उजवीकडून कुणी आडवं येत असेल तर त्याला वाट द्या. एकोणिसावा नियम धुक्याचा. पुढच्या बाजूने दुसऱ्याचा इशारा ऐकू आला की वेग अगदी कमी करायचा, गरज पडली तर जहाज उभं करायचं आणि धोका टळेपर्यंत फार जपून राहायचं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी हे सांगितलं असतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर होतो. सकाळी आठ ते बारा माझी पाळी. त्या दिवशी पाळीवर गेलो तेव्हा बाहेर इतकं धुकं होतं, की आमच्याच जहाजाचं पुढचं टोक दिसत नव्हतं. कप्तान रडारपाशी उभे होते. कोकणातले, वयाने माझ्या वडिलांएवढे, कमी बोलणारे. दुपारी बंदरात शिरायची वेळ ठरलेली होती, ती त्यांना चुकवायची नव्हती. दर दोन मिनिटांनी आमचा भोंगा वाजत होता आणि वेग मात्र रोजचाच होता.

दहाच्या सुमारास मी बाहेरच्या सज्ज्यावर गेलो आणि पत्र्याचा आवाज ऐकला. कुणीतरी डबा बडवत होतं. चार-पाच ठोके, मग शांतता. लहान होडीला भोंगा लागत नाही, पण तिने काहीतरी जोरात वाजवत राहिलं पाहिजे, हेही नियमात आहे. म्हणजे तो माणूस नियम पाळत होता.

मी आत येऊन सांगितलं. कप्तानांनी रडारकडे बोट दाखवलं, तिथे काहीच नव्हतं. लाकडी होडी रडारवर धड दिसत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पाण्यावर आवाज फसवतो, असं म्हणून त्यांनी मला परत बाहेर पाठवलं.

दुसऱ्यांदा आवाज स्पष्ट आला. तिसऱ्यांदा आणखी जवळून. मी दारातूनच म्हणालो, "सर, पुढेच आहे. वेग कमी करू या."

"नको," ते म्हणाले. "आहे तसं चालू दे."

चौथ्यांदा तो आवाज जवळजवळ आमच्या पायाखालून आला. तेवढ्यात आमचा भोंगा वाजला. तो थांबला तेव्हा मी कठड्यावर वाकून ऐकत राहिलो. काही आलं नाही. धक्का जाणवला नाही, कुणी ओरडलं नाही. पण एवढ्या मोठ्या जहाजाला होडीचा धक्का जाणवतच नाही.

पाळी संपल्यावर लॉगबुकात मी लिहिलं: धुकं, भोंगा चालू, आसपास वाहतूक नाही. खाली माझी सही आहे.

सुट्टीवर घरी आलो तो पौषाचा महिना होता. स्वयंपाकघरात आईच्या हातून झाकण पडलं तरी मी उठून दाराशी जायचो. ती विचारायची, कोण आलंय? मी म्हणायचो, कोणी नाही.

आमचे एक चुलते गावातलं दूध होडीने पलीकडे पोचवायचे. रस्त्याने वळसा फार पडतो. एका सकाळी मीही त्यांच्यासोबत निघालो. मध्यावर गेलो आणि धुई दाटली, दोन्ही काठ गेले. चुलत्यांनी वल्हं वर उचललं, दुधाच्या कॅनचं झाकण काढलं आणि कॅनवर ठण ठण वाजवलं. लांबून कुठूनतरी तसंच उत्तर आलं. दुसरी होडी होती. ते वल्हं मांडीवर घेऊन बसून राहिले. होडी जागच्या जागी हलत होती. शेवटी ती होडी आमच्या बाजूने निघून गेली, तेव्हाच त्यांनी पुन्हा वल्हं पाण्यात घातलं.

मी दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसलो होतो. त्यांनी विचारलं, बरं नाही का? मग मी त्यांना सगळं सांगितलं.

"थांबून बघितलं का मग?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"का रं?"

"कप्तान नको म्हणाले, तात्या."

ते बराच वेळ वल्हवत राहिले. काठ दिसायला लागल्यावर म्हणाले, "त्येंनी नको म्हटलं, व्हय. पर ऐकलं तू व्हतंस."

त्याच आठवड्यात भोरला जाऊन मी कंपनीला पत्र पाठवलं. त्या दिवशी काय ऐकलं आणि लॉगबुकात काय लिहिलं, दोन्ही कळवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. त्या भागात कुठली होडी हरवल्याची नोंद नव्हती, कप्तानांनीही काही ऐकलं नसल्याचं लिहून दिलं होतं, आणि प्रकरण बंद झालं होतं. अशा होडीची नोंद कोण करणार आणि कुठे, हे पत्रात नव्हतं. नोकरी राहिली.

वर्षभराने मी भोरच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत असताना फोन आला. कप्तान होते. आता निवृत्त झालो, म्हणाले. घरच्यांची चौकशी केली. मग विचारलं, "तू किती वेळा ऐकलास?"

गाड्यांच्या गोंगाटातून मी स्टँडच्या मागे गेलो. "चार वेळा, सर."

"मी पाच."

पाचवा आवाज म्हणजे चौथ्यानंतरही कुणीतरी डबा वाजवत होतं. मी विचारलं, "पाचवा पुढून आला की मागून?" मागून आला असेल तर होडी आमच्या बाजूने सुटून मागे राहिली होती.

"तेच तर," ते म्हणाले. "काही दिवस मागून वाटतो. काही दिवस वाटतं, तो चौथ्याच्या आधीचाच असेल, माझी मोजणी चुकली."

त्यानंतर ते अधूनमधून फोन करायचे. नमस्कार वगैरे काही नाही. आज मागून वाटला, एवढंच सांगायचे, किंवा आज नाही वाटला. मी बरं म्हणायचो. जहाजावर असलो तर बंदराला लागल्यावर परत फोन करायचो. धुकं लागलं की मी आता वेग कमी करतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा फोन आलेला नाही. त्यांच्या घरी विचारावं असं रोज मनात येतं, आणि मी विचारलेलं नाही.