ब्रह्मगिरीची फेरी, ठोके एकशे तीसच्या आत

गेल्या वर्षी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीची फेरी मी अर्ध्यातून सोडली. सुरुवातीलाच इतर बायकांच्या बरोबरीने झपाझप निघाले, पहिणे गावाच्या पुढे चढावर छातीत धडधड सुरू झाली आणि जीपने परत आले. निघताना कुशावर्त कुंडावर केलेला संकल्प अपुरा राहिला, ते वर्षभर टोचलं. म्हणून यंदा मार्गशीर्षातल्या सोमवारी पुन्हा निघाले, सूनबाई प्रज्ञाला घेऊन.

प्रज्ञा लांब पल्ल्याचं पळते. तिने आपलं ठोके मोजणारं जुनं घड्याळ माझ्या मनगटावर बांधून चार महिने मला नाशिकच्या सिडकोतल्या मैदानावर पळवलं. मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस ठोके झाले की मला धाप लागते, बोलता येत नाही. तो माझा उंबरठा. लांब जायचं तर त्याच्या बरंच खाली, एकशे तीसच्या आत राहायचं. आकडा चढला की चालायचं, उतरला की पळायचं. देवाच्या दयेने आणि तिच्या चिकाटीने दहा किलोमीटर जमू लागले.

जाणाऱ्यांसाठी सांगते, नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवरून पहाटेची त्र्यंबकची एसटी पकडा. तासाभराचा रस्ता, बायकांना अर्धं तिकीट. श्रावणी सोमवारी पाय ठेवायला जागा नसते, या दिवसांत वाट मोकळी. फेरी वीसेक किलोमीटरची आहे, तेव्हा खजूर-शेंगदाणे घरूनच न्या.

त्र्यंबकला उतरलो तेव्हा माझे बूट बघून एक फुलवाला म्हणाला, "काकू, दर्शनाला चाललात की पोलीस भरतीला?" मी म्हटलं, दोन्हीला.

पहिण्यापर्यंत छान गेलं. भात कापलेली खाचरं, गार वारा. पुढे घड्याळ मनगटावर थरथरू लागलं. नुसतं चालतानाही एकशे बेचाळीस. प्रज्ञाने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"आई, सकाळपासून पाणी प्यायलात का?"

नव्हते प्यायले. दर्शनापर्यंत निर्जळ राहायचं मी मनाशी धरलं होतं, तिला सांगितलं नव्हतं. अंगात पाणी कमी पडलं की तेवढ्याच चालण्याला हृदय जास्त पळतं, असंच चढाला लागलात तर गेल्या वर्षीसारखंच होईल, असं ती म्हणाली. मला पटत होतं. पण देवासमोर धरलेलं कसं मोडायचं? पाणी प्यावं तर उपास जातो, न प्यावं तर फेरी.

वाटेवरच्या एका घराच्या ओसरीवर टेकलो. तिथल्या आजी नागली पाखडत होत्या. प्रज्ञाने त्यांना सगळं सांगितलं. त्या आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या.

"म्हादेवाला बारा म्हयने पाण्याची धार लागती, आन तू त्याच्याकडं कोरडी चालली? पी गं बाई."

मी दोन तांबे प्यायले. खजूर खाल्ले. अर्ध्या तासात आकडा नव्वदवर आला. चढावर तीनदा एकशे तीस ओलांडले, तीनदा थांबलो. मागून आलेले पुढे गेले, जाऊ दिले. दुपारी एकच्या सुमारास फेरी पूर्ण करून त्र्यंबकात पोचलो. रांगेतून गाभाऱ्यासमोर आले तेव्हा देवाला खरं ते सांगितलं: पाणी प्यायले, पण पूर्ण चालून आले.

घरी ह्यांनी विचारलं, मग उपास मोडलाच ना? मोडला म्हटलं, आणि ते सांगताना मला जराही वाईट वाटलं नाही. एकच चुकलं, आजींचं नाव विचारायचं राहिलं. आता रोज दिवा लावताना घरच्यांच्या नावांनंतर 'पहिण्याच्या पुढच्या आजी' एवढंच म्हणते. घर देवाला ठाऊक आहे.