जयवंताबाईंचं वेखंड

अल्लीपूरच्या जयवंताबाईंच्या वावरात विहिरीच्या खालच्या अंगाला बारमाही पाझर आहे. तिथे कपाशी सडायची, तूर पिवळी पडायची. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी माहेराहून, वडनेरहून, बोटभर वेखंड ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं आणि त्या चिखलात आडवं खोवलं. आता तिथे कमरेएवढी हिरवी पाती उभी असतात. गावात बाळ जन्मलं की वेखंडाच्या तुकड्यासाठी माणूस त्यांच्याच दारी येतो.

गेल्या जुलैत वर्ध्याच्या एका कॉलेजातल्या ज्योत्स्ना मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन ते झाड बघायला आल्या. आकांक्षा नावाच्या मुलीने नर्सरीतून वेखंड म्हणून घेतलेलं रोप सोबत आणलं होतं. तशीच तलवारीसारखी पानं. पोरांना फरक कळेना.

"तुम्हीच सांगा," मॅडम जयवंताबाईंना म्हणाल्या.

त्यांनी त्या रोपाचं पान चुरगाळून हुंगलं. "हे वेखंड नाई पोरी. याले वासच नाई." मग आपल्या झाडाचं पान मोडलं, तसा उग्र, गोडसर वास सुटला. "अन् याची शीर मधात नसते, एका बाजूले राह्यते. बोट फिरवून पाय."

आकांक्षाने डोळे मिटून बोट फिरवलं आणि हसली. "आहे खरंच. याला फूल येतं का?"

"येते, पण लवकर दिसत नाई." जयवंताबाईंनी पाती बाजूला सारली. एका पात्याच्या कडेतून करंगळीएवढं हिरवट कणीस निघालं होतं. "बी नाई धरत हे. याची मुळी चिखलात आडवी सरकत जाते अन् कोंब काढते. पहिलं कांडं म्या त्या दगडापाशी लावलं होतं."

दगड चांगला बारा पावलं लांब होता. एकाने वहीत तसं टिपूनही घेतलं.

मॅडमनी कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहासाठी मुळासकट एक रोप कागदात दाबून ठेवलं. खाली चिठ्ठी लावायची होती. 'नमुना कोणाकडून' या ओळीत आकांक्षा कॉलेजचं नाव लिहायला लागली, तर मॅडमनी तिला थांबवलं. "जयवंताबाईंचं लिही. पूर्ण नाव."

घरी आल्यावर नवऱ्याने, किसनरावांनी, विचारलं, "काऊन हसून राह्यली?"

"माह्यं नाव कॉलेजच्या कपाटात ठेवणार हायेत. शंभर वर्षं राह्यते म्हणते."

दिवाळीनंतर दोघं एसटीने वर्ध्याला गेले. मॅडमनी कपाट उघडून तो कागद टेबलावर ठेवला. पाती वाळून पिवळी झाली होती. किसनरावांनी चिठ्ठीवरचं नाव मोठ्याने वाचलं, मग शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला पुन्हा एकदा वाचून दाखवलं. जयवंताबाईंनी पदर सारखा केला, नवऱ्याला थांबवलं मात्र नाही.