रतनभाऊंच्या दारावर

आज दारावर आलेल्या बाया मला रतनभाऊंची विधवा समजून माझ्या गळ्यात पडून रडल्या.

खरी बायको चार हातांवर बसली होती.

रतनभाऊ परवा गेले. पाइप कंपनीतली ड्युटी करून घरी आले, चपला काढल्या, दारात टेकले ते उठलेच नाहीत. हार्ट अटॅक.

तुमच्यातल्या निम्म्यांना रतनभाऊ म्हटलं तर कळायचंही नाही. भिकन म्हणा. 'भिकनभाऊनं बिऱ्हाड'मधला भिकन. डाळ मिलचा हमाल, त्याचा दारुड्या बाप, बिनकामाचा पोरगा आणि दिवसभर कडाकडा बोलणारी बायको चंद्रा. आधी आपल्या केबलवर लागायची ही मालिका, मग सगळ्यांच्या मोबाइलवर आली.

ती चंद्रा म्हणजे मी.

कित्येक वर्षं आम्ही दोघं नुसते भांडलो. पगारावरून, नळावरून, सासऱ्याच्या बिडीवरून. लोक म्हणायचे, ताई, आमच्याच घरात कॅमेरा लावला का हो?

आणि लोकांनी आमचं लग्नसुद्धा लावून टाकलं. बाजारात भाजीवाली विचारणार, "काय वं चंद्रा, भिकनले कोठे सोडी उनी?"

मी हसून सोडून द्यायचे. सुमनवहिनींना ते जमलं नाही. कसं जमावं? नवरा त्यांचा होता.

एका लग्नात आम्हाला स्टेजवर बोलावून जोडीने आहेर केला. मला साडी, भाऊंना टॉवेल-टोपी. वहिनी खाली भाऊंचा मोबाइल धरून उभ्या. फोटोवाला त्यांनाच म्हणतो, "मावशी, जरा बाजूला सरका, तुम्ही मध्ये येताय."

त्या दिवसापासून वहिनींनी माझ्याशी बोलणं टाकलं.

त्यामुळे आज निघताना माझा नवरा म्हणाला, "नको जाऊस. त्या बाईने चारचौघांत हाकललं तर?"

म्हटलं, हाकलू दे. ज्या माणसाशी एवढं भांडले त्याच्या दारावर गेले नाही तर मला घास गोड लागायचा नाही.

पाचोऱ्याहून गाडीने जळगाव गाठलं. डोक्यावरून पदर घेतला आणि बायांच्या मागे भिंतीला टेकून बसले. वहिनींनी मला पाहिलं. मान फिरवली.

शेजारच्या दोघींची कुजबुज चालूच होती, "परवापासून एक टिपूस काढं नही हिनी."

तेवढ्यात साक्रीकडून पिकअप आली. भाऊंच्या मूळ गावच्या बाया. भाऊंना गाव सोडून जमाना झाला, वहिनी तिकडे कधी नांदल्याच नाहीत. या बायांनी भाऊंची बायको पाहिली ती फक्त मोबाइलवर, म्हणजे मी.

एक म्हातारी दारातूनच ओरडली, "व माय चंद्रा! आते तू कोनासंगे भांडशी वं!"

आणि सगळ्या माझ्या अंगावर.

मला दरदरून घाम फुटला. रडूही फुटलं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण दुसऱ्या बाईच्या दारात, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या नवऱ्याचं दुःख माझ्या पदरात घातलं जात होतं. बाहेर खुर्च्यांवर बसलेली माणसंही माना वळवून बघू लागली. वहिनी टक लावून माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हातारीचे हात सोडवले. "अक्का, मी त्यांची कोणी नाही. त्यांच्या घरच्या त्या तिकडे बसल्यात."

म्हातारीला काही उमजेना. एकदा माझ्याकडे बघे, एकदा वहिनींकडे.

वहिनी उठल्या. वाटलं, आता दंडाला धरून बाहेर काढणार. काढलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते.

त्या येऊन माझ्यासमोर बसल्या.

"तू मरेस्तोवर भांडनी त्यासनासंगे. मन्हासंगे घरमा बोलेतच नही," म्हणाल्या. "येत, जेवेत, झोपी जायेत. मी मोबाइलवर त्यासना आवाज ऐकू."

मग हळूच विचारलं, "शूटिंगले मन्हं नाव काढेत का कधी? खरं सांगजो."

सगळं घर कान देऊन.

अगं बाई गं. हो म्हणायला माझं काय जात होतं? खोटं बोलण्याचेच तर मला पैसे मिळायचे. पण त्या डोळ्यांपुढे जीभ वळेना. भाऊ कॅमेऱ्यापुढे तोंडाचा पट्टा सोडायचे आणि कट म्हटलं की मुके. माझ्याशीही "हं" आणि "चला", संपलं.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "कधीच नाही."

त्यांची मान खाली गेली. काय करून बसले मी हे, असं झालं.

आणि मग जे आठवलं ते भडाभडा बोलत सुटले.

"पण वहिनी, तुमच्या डब्याला कोणाला शिवू द्यायचे नाहीत. आम्ही सगळे गोल करून बसायचो, एकमेकांचं वाटून खायचो. भाऊ मात्र कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. एकदा मी मस्करीत तुमच्या कळण्याच्या भाकरीला हात घातला, तर डबा मांडीवर ओढून घेतला आणि खेकसले माझ्यावर, 'हाऊ मन्हा शे. तुमना तुम्ही खा.' डायरेक्टरलाही कधी तुकडा दिला नाही. पडलेला कणसुद्धा बोटाने टिपून खायचे."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या.

"हावरा मानूस," म्हणाल्या.

आणि मग बांध फुटला. माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून इतक्या रडल्या, इतक्या रडल्या, की ती साक्रीकडची म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत "रड माय, रड" म्हणत बसली. या वेळी बरोबर पाठीवरून.

रतनभाऊ, मी तुमच्यावर चिडलेय. आज मरणाच्या दिवसांत भांडायला नको, पण चिडलेय.

आख्ख्या खान्देशाला ऐकू जाईल एवढा तुमचा आवाज. घरी ताटावर बसून "भाकर चांगली झाली" एवढं एकदा म्हणायला काय झालं होतं हो?

ते तिला तुमच्या माघारी, माझ्या तोंडून ऐकावं लागलं.

जा आता. सुखाने जा.

चंद्राचा नाही, निर्मलाचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.