तारेचा ब्रश

माझ्या साडभाऊंइतका रागीट माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नाही. हे मी चिडून सांगतोय असं वाटेल, तर हो, चिडूनच सांगतोय. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, त्यामुळं ते मला अरेतुरे करणार आणि मी त्यांना 'भाऊ' म्हणत ऐकून घेणार, हे माझ्या लग्नाच्या मांडवातच ठरून गेलं. लोक बांधावरून भांडतात, राजकारणावरून भांडतात. हा माणूस आयुष्यभर फक्त गंजावरून भांडला. बढती हुकली तेव्हा गप्प. मुलाच्या लग्नात ऐन पंगतीत वरण संपलं तेव्हा हे गृहस्थ हात जोडून हसत उभे. पण कुणी गंजलेल्या लोखंडाला ब्रश न लावता वरून सरळ रंग फासलेला दिसला, की त्यांच्या कपाळाची शीर तटतटून उभी राहते आणि मग समोर तहसीलदार असो की जावई, दोघांना सारखंच ऐकावं लागतं.

मलकापूरच्या एका कॉलेजात ते तीस वर्षं मैदान आणि बाग सांभाळायला होते. तिथं गवत कापायचं एक हातमशीन होतं. पुढं दोन चाकं, मध्ये पात्यांचा फिरता ढोल, मागं लोखंडी रोलर, आणि ढकलायला लांब दांडी. पुढं खांद्याला अडकवायची पेट्रोलवाली यंत्रं आली, जुनी मशिनं भंगारात निघाली, आणि साडभाऊ निवृत्त होऊन मोताळ्याला घरी आले. निवृत्त माणूस पोथी वाचतो, नातवंडं फिरवतो. यांनी जिल्ह्यातले भंगारवाले फिरून टाकून दिलेली गवताची मशिनं गोळा करायला सुरुवात केली. एकदा ताईंनी त्यांना आठवडी बाजारात वांगी आणि कोथिंबीर आणायला धाडलं, तर ऑटोत मांडीवर गंजका रोलर घेऊन परत आले. कोथिंबीर कुठंय म्हणून विचारलं तर म्हणाले, "कोथिंबीर उद्याही भेटते. हे आज कापून वितळवनार होते."

आता आमच्याकडं गवत म्हणजे पिकाचा वैरी. सोयाबीनमध्ये उगवलं की बायका निंदून फेकतात, नाहीतर माणूस पाठीवर पंप बांधून त्यावर औषध मारतो. हौसेनं गवत लावावं, त्याला पाणी घालावं आणि मग वाढलं म्हणून कापावं, हा प्रकार मोताळ्यात कुणाला सांगितला तर लोक वेड्यात काढतील. लग्नाच्या हॉलवाल्यांनी हिरवळ म्हणून अंथरलीय ती प्लास्टिकची. अशा गावात या माणसाच्या अंगणात गवत कापायची अकरा मशिनं, आणि अकराच्या अकरा नव्या नवरीसारखी चकचकीत. हे कुणासाठी, असं मी एकदाच विचारलं. "मशीन कोनासाठी नसते," ते म्हणाले, "मशीन मशिनीसाठी असते. तुले नाई समजनार, तू ऑफिसात बसत होता." मी जिल्हा परिषदेत कारकून होतो हा त्यांच्या लेखी माझा गुन्हा आहे, आणि त्याला माफी नाही.

त्यांची पद्धत म्हणजे एक सोवळंच. आधी सगळे नटबोल्ट काढून डिझेलमध्ये टाकायचे. मोठे भाग चिंचेच्या कोळात रात्रंदिवस भिजवायचे. त्यापायी ताईंची वर्षाची चिंच दरवर्षी शिमग्याच्या आधीच संपते, आणि आमटीत आमसूल पडतं. मग तारेचा ब्रश, तोही उभा चालवायचा, आडवा चालवलेला दिसला की हातातून हिसकावून घेतात. मग पॉलिश पेपर. शेवटी खांद्यावरचा पांढराशुभ्र दुपट्टा काढून लोखंडावरून फिरवायचा आणि उन्हात धरून पाहायचा. त्यावर तपकिरी रंगाची एक रेघ जरी उमटली तरी पुन्हा पहिल्यापासून. दुपट्टा कोरा निघाला तर आणि तरच रेडऑक्साईड, म्हणजे रंगाखालचं तांबडं अस्तर, आणि ते वाळल्यावर हिरवा ऑइलपेंट. "जंग झाकत नसते," असं ते दर वेळी म्हणतात. गंज म्हणायचं नाही, जंगच. "झाकला का तो आतून खाते. वरून रंग हासते अन् आतून लोखंड रडते."

या सगळ्याला एक तारीख असते, ती खंडेनवमीची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळीकडं अवजारांची पूजा होते, तशी यांच्या अंगणात मशिनांची. एका वर्षी ताईंनी भक्तिभावानं नुकत्याच घासलेल्या, अस्तर न लावलेल्या पात्यांवर हळदीकुंकू वाहिलं आणि वरून फुलानं पाणी शिंपडलं. सकाळी बघतात तर प्रत्येक थेंबाखाली गंजाचा ठिपका. हा माणूस दसऱ्याला जेवला नाही. सोनं वाटायला आलेल्या लोकांना दारातच सांगत होता, "घरच्या देवानंच जंग लावला मले." तेव्हापासून त्यांच्याकडं पूजा कोरडी होते, आणि नारळ फुटतो तो थेट फाटकाबाहेर, रस्त्यावर.

पण माझा राग वेगळा आहे, आणि तो जुना आहे. माझ्या मुलीचं साक्षगंध होतं, बुलढाण्याला, आमच्या घरी. पाहुणे येणार म्हणून मी घाईघाईनं आमच्या लोखंडी फाटकाला चांदीसारखा रंग मारून घेतला. घासायला वेळ कुठला? मुलाकडची मंडळी गाडीतून उतरतायत, बायको ओवाळायला तबक घेऊन उभी, आणि साडभाऊ फाटकापाशी वाकून किल्लीनं रंग खरवडतायत. पापुद्रा निघाला, खालून तांबडी भुकटी सांडली ती नेमकी व्याह्यांच्या पांढऱ्या धोतरावर. "पाह्य," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "हे फाटक हाय का मढं? मढ्याले पावडर लावून दारात उभं केलं तुनं." व्याही भले, म्हणून ते हसले. मी हसलो नाही. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, की कधी ना कधी हा माणूस गंजावर रंग मारताना मला सापडेल, आणि त्या दिवशी चार माणसांत मी त्यांना हेच वाक्य ऐकवीन. पुरी बावीस वर्षं ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. मोताळ्याला गेलो की आधी त्यांची मशिनं तपासायचो, मग चहा. एकदाही सापडले नाहीत. त्याचाही राग यायचा.

यंदा पितृपक्ष संपला आणि ताईंचा माझ्या बायकोला फोन आला. भाऊंना काचबिंदू आहे म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं की गेली ती नजर आता परत यायची नाही, उरलेली सांभाळा, थेंब नेमानं घाला. डाव्या बाजूचं तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. हे त्यांनी कुणालाही सांगायचं नाही अशी ताईंना शपथ घातलेली, आणि थेंबही घालू देत नाहीत, कारण थेंब घालायचे म्हणजे आजार आहे असं कबूल करायचं. त्यातच खामगावच्या एका भंगारवाल्याकडं त्यांना त्यांचं स्वतःचं मशीन सापडलं होतं, कॉलेजातलं, तीस वर्षं ढकललेलं. दांडीवर त्यांनी खिळ्यानं कोरलेलं नाव अजून होतं. खंडेनवमीला ते मशीन उभं करायचं, आणि कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं. "तुम्ही जा," बायको मला म्हणाली, "तुमच्याशी भांडायला तरी ते तोंड उघडतात."

गेलो. अंगणात बाजेवर मशीन ठेवलेलं, पूर्ण तांबडं. साडभाऊ स्क्रूड्रायव्हरनं हिरव्या रंगाच्या डब्याचं झाकण उघडत होते. "ये," म्हणाले, "अस्तर वाळलं. आता हिरवा मारतो." मी सवयीनं वाकून तपासायला लागलो. उजवी बाजू, काय सांगू, लोण्यासारखी. डावीकडं बोट फिरवलं आणि बोटाला भुकटी लागली. रोलरची अख्खी डावी बाजू, चाकाची आतली कड, पात्यांच्या खालची पट्टी, तिथं अस्तर नव्हतंच. तो गंज होता. अस्तराचा रंग आणि गंजाचा रंग तांबडाच, आणि या माणसाला त्यातला फरक दिसला नव्हता. आयुष्यभर ज्याच्याशी वैर केलं, त्याच्यावरच ते आता हिरवा रंग चढवायला निघाले होते.

बावीस वर्षं थांबलेलं वाक्य माझ्या जिभेवर आलं. आणि मेलं, तिथंच बसलं. एवढा संताप झाला मला. एवढी वाट पाहायला लावून सापडायचं ते असं सापडायचं? मी म्हणालो, "भाऊ, आज हवा दमट आहे. रंग फुगेल. उद्या मारा." त्यांनी माझ्याकडं जरा मान वळवून पाहिलं, आणि झाकण परत दाबून बसवलं. "बावीस वर्षांत एक गोष्ट शिकला तू," म्हणाले.

दुपारी ते जेवून आडवे झाले. मी शर्ट काढून खुंटीला लावला आणि तारेचा ब्रश हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. काय ते काम. दहा मिनिटांत बोटांची सालटी निघाली, नाकातोंडात गंज गेला. ब्रशच्या प्रत्येक ओढीला मी त्यांना मनातून एक शिवी घातली. थेंब घालत नाहीत म्हणून एक, ताईंना शपथ घातली म्हणून एक, व्याह्यांच्या धोतरासाठी दोन. ताई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. रोलर झाला, चाक झालं. त्यांना जाग यायच्या आत म्हणून घाईनं मी अस्तर फासलं, आणि खालच्या पट्टीपर्यंत माझा हात पोचलाच नाही.

साडभाऊ उठले, अंगणात आले आणि थबकले. "हा वास ओला हाय," म्हणाले. पुढं होऊन त्यांनी रोलरला बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, चिकट लागलं. आता फुटतील म्हणून मी वाट पाहत उभा राहिलो, आणि खरं सांगतो, त्यांनी फुटावं अशी माझी फार इच्छा होती. ते फुटले नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा काढला, हात खाली घालून पात्यांखालच्या पट्टीवरून फिरवला. सवयीनं उन्हात धरला. बराच वेळ धरला. मग तो दुपट्टा त्यांनी माझ्याकडं केला.

"तू पाह्य," म्हणाले. "काई लागलं का याले?"

पांढऱ्या कापडावर बोटभर रुंद तपकिरी पट्टा होता.

"लागलं, भाऊ."

"लय हाय?"

"बोटभर आहे."

ते बाजेच्या कडेला बसले. ताईंनी पदर तोंडाला लावला. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "मले डावीकडचं दिसून नाई राह्यलं रे." आणि मग एकदम आवाज चढवून, "मंग आता उभा काऊन? पट्टी खोल, ब्रश घे. अन् उभा चालव, आडवा चालवशील तं पाह्य."

खंडेनवमीपर्यंत मी आठ दिवस मोताळ्यात राहिलो आणि आठही दिवस शिव्या खाल्ल्या. मी केलेलं अस्तर त्यांनी मलाच दोनदा काढायला लावलं. ते दुपट्टा फिरवायचे आणि मी बघून सांगायचो. एकदा कंटाळून कोरा आहे असं खोटंच सांगितलं, तर अंगठ्यानं चाचपून त्यांनी नेमकी जागा काढली आणि ताईंना हाक मारून विचारलं की असा लबाड माणूस तुमच्या घराण्यानं जावई म्हणून पसंत कसा केला. मीही ऐकून घेतलं नाही. ओरडलो, की थेंब घालणार असाल तरच ब्रशला हात लावीन, नाहीतर हा मी बस पकडतो. बस स्टँडच्या वळणापर्यंत गेलोही होतो. मागून ताईंची हाक आली, परत आलो, तर हे बाजेवर डोकं मागं टाकून बसलेले, डोळा ताणून धरलेला. "घाल," म्हणाले, "पन हात हालू नको देऊ."

पूजेच्या दिवशी मशीन हिरवंगार उभं राहिलं. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, "डावीकडून जरा वरखाली झालं. तिकडून ह्या माह्या साडभाऊनं केलं."

गेल्या आठवड्यात ते दोघं आमच्याकडं बुलढाण्याला आले. मी गच्चीतून पाहत होतो. आमचं फाटक या पावसाळ्यात पुन्हा गंजलंय, कड्यांपासून खालपर्यंत. घासायचं मी मुद्दाम ठेवलं होतं. साडभाऊ आले, फाटक लोटलं, आत आले, सरळ व्हरांड्यात खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं. फाटकाकडं मानसुद्धा वळवली नाही. मला इतका राग आला की खाली येऊन पाण्याचा पेला मी टेबलावर आदळला. आयुष्यभर छळलंत आणि आता असे मुकाट आत येऊन बसता?

"भाऊ," मी म्हणालो, "फाटकाला जंग लागलाय."

"कुठं?"

मी त्यांना हाताला धरून फाटकापाशी नेलं आणि त्यांचा अंगठा कडीखाली ठेवला. त्यांनी तो सावकाश खाली नेला, पापुद्रे मोडत, अगदी तळापर्यंत. कपाळावरची शीर हळूहळू उभी राहिली.

"साक्षगंधाच्या दिवशी सांगतलं होतं का नाई तुले?" त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचा तासभर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, ते मला बोलत राहिले. मी त्यांचा हात धरून उभा होतो.