कासमभाईंनी सोडलेली लादी

कासमभाई कुणाच्या घरात शिरले की आधी माणसांकडे पाहत नसत. चपला पायरीवर काढायच्या, डोळे मिटायचे आणि अनवाणी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारायची, हा त्यांचा रिवाज. आमच्या तरसालीच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उलथनं हातात धरून पाहतच राहिले. साठीचा माणूस, घोट्याच्या वर लेंगा, आणि भुवयांतसुद्धा पांढरी भुकटी.

मुलांनो, ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुमचे आजोबा कोयलीच्या रिफायनरीत होते. आमच्या सोसायटीत घरोघरी जुन्या लाद्या उखडून चकचकीत टाइल्स बसत होत्या. आमचा संगमरवर तुमच्या पणजोबांनी मकराण्याला जाऊन एकेक लादी निवडून आणलेला. पण तो इतका निस्तेज झाला होता, की खिडकीचं ऊनही त्यावर उमटत नसे. “मेलेल्या दगडावर किती दिवस चालायचं?” म्हणत आजोबांनी टाइल्स ठरवून टाकल्या. सोमवारी उखडणारी माणसं येणार होती. गुरुवारी जुन्या लाद्या बघायला, न्यायच्या म्हणून, संगमरवर घासून चकाकवणारे कासमभाई आले.

फेरी संपवून त्यांनी डोळे उघडले. “साहेब, हुं नहि लई जाउं. आ तो जीवे छे.” मग आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, “मी नाही नेणार, हा जिवंत आहे. संगमरवर, आमचा आरस, मरत नाही. थाकतो. दिवाणखाना मला द्या, रविवारपर्यंत. नाही उठला तर मी स्वतः उखडून देतो.”

“कासमभाई, तुम्ही लाद्या न्यायला आलात की दवाखाना उघडायला?”

“दवाखानाच समजो, साहेब.”

आजोबा हसले आणि हो म्हणाले. फुकटची करमणूक वाटली असावी.

दुपारी कासमभाई पाणी मागायला आत आले आणि हळूच म्हणाले, “बेन, याला आंबट कोण पाजतो?”

दर शनिवारी मीच फरशी व्हिनेगर आणि लिंबाच्या पाण्याने पुसत असे. एका इंग्रजी मासिकातली ती कृती मी वहीत उतरवून घेतली होती आणि बारा वर्षं कप मोजून पाळली होती. कासमभाईंनी तळहातावर संगमरवराची भुकटी घेतली, ओट्यावरची लिंबाची फोड तिच्यावर पिळली. भुकटीत बारीक बुडबुडे उठले. “जोयुं? बघितलं? आंबट आरसाला खातो.” सासऱ्यांची निशाणी मी माझ्या टापटिपीने खाल्ली होती, आणि दोष दगडाला दिला होता.

बाहेर आजोबांनी विचारलंच, “कशामुळे झालं हो असं?”

“उमर, साहेब,” कासमभाई म्हणाले. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मग तीन दिवस घरभर घरघर आणि पांढरा राडा. यंत्राला आधी खरखरीत दगड, मग त्याहून बारीक, मग त्याहून. दगडाच्या प्रत्येक नंबरानंतर सगळं धुऊन ते फरशीवर काडेपेटी उभी करत आणि ओणवे होऊन तिचं प्रतिबिंब शोधत. शुक्रवारी काही नाही. शनिवारी नुसती सावली. माझं पोळ्यांत लक्ष लागेना. दर तासाला मी काडेपेटी बघायला जाई. “बेन, दूध उतू जाईल,” ते म्हणत, आणि ते गेलंही.

रविवारी दुपारी त्यांनी शेवटचा हात मारला, पाणी ओढून काढलं आणि आम्हाला हाक मारली. काडेपेटीवरचं चित्र खाली उलटं, रंगासकट दिसत होतं. वर फिरणारा पंखा जमिनीतही फिरत होता. आणि दारापासून खिडकीपर्यंत, लादीमागून लादी ओलांडत, एक करडी रेघ वळणं घेत निघाली होती, कुठेही न तुटता.

आजोबा गुडघ्यांवर बसले. त्या रेघेवरून बोट फिरवत खिडकीपर्यंत रांगत गेले. “बाबांची नदी,” ते म्हणाले. “लहानपणी मी हिच्यात कागदाच्या होड्या सरकवायचो. विसरूनच गेलो होतो गं.” टाइलवाल्यांना त्यांनी तेव्हाच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

दाराच्या मागची एक लादी मात्र तशीच मळकट होती. आजोबांनी विचारलं तर कासमभाई म्हणाले, “नजर ना लागे, साहेब.” निघताना मला म्हणाले, “बेन, ही तुमची. शनिवारी पुसायच्या आधी बघायची.” त्या संध्याकाळी मी आजोबांना सगळं सांगितलं. ते उजळलेल्या फरशीवर आडवे पडले होते. “म्हणजे बारा वर्षं तू माझ्या बाबांच्या नदीत लिंबू पिळत होतीस,” म्हणाले आणि हसत सुटले.

पुढे दर दोन-तीन वर्षांनी कासमभाई येत, डोळे मिटून फेरी मारत, मान डोलावत. शेवटच्या वेळी पायऱ्या चढताना आजोबांनी त्यांचा हात धरला होता. नंतर त्यांच्या मुलीने ते गेल्याचं कळवलं.

तुम्ही डिसेंबरात येताय. बूट पायरीवर काढा, डोळे मिटा आणि अनवाणी चालत या. दिवाणखान्यात सगळीकडे पाय घसरेल इतकं गुळगुळीत लागेल. दाराच्या मागे तळवा जिथे अडखळेल, तिथे थांबा. ती माझी लादी. तिला अजून मी कुणाला हात लावू दिलेला नाही.